लिंक पाठवण्याआधी: कोल्हापुरात ऑनलाइन सूचना सगळ्यांकडून गोळा करायच्या असतील तर

लोकसहभाग कोल्हापूरला नवा नाही. टोलविरोधात हे शहर काही वर्षं सतत रस्त्यावर होतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांच्या मागे पेठा आणि तालमी, म्हणजे आखाड्यांभोवतीची गल्लीतली मंडळं, उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इथे सर्किट बेंच सुरू झालं. मोर्चात यायला ईमेल लागत नाही, ओटीपी लागत नाही. दसरा चौकात येऊन उभं राहिलं की माणूस मोजला जातो. सूचना, हरकती, सर्वेक्षणं मात्र झपाट्याने मोबाइलवर येत आहेत. लिंक येते, फॉर्म भरायचा असतो आणि मुदत संपली की 'नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या' अशी नोंद होते. त्या नोंदीत सुतारवाड्यातली आजी, राजेंद्रनगरातून धुणीभांडी करायला जाणारी बाई, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) शिकणारा अंध विद्यार्थी आणि शिरोलीच्या फाउंड्रीतला परप्रांतीय कामगार बहुतेक वेळा नसतो.

काही वर्षं मी आणि माझे सहकारी शहरातल्या निरनिराळ्या प्रश्नांवर अशा सूचना गोळा करतो आहोत. तरुण मंडळाचे कार्यकर्ते, राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी, संस्थेत नव्याने आलेले सहकारी किंवा या कामावर नुकतेच नेमलेले पालिकेचे कर्मचारी, यांपैकी तुम्ही कुणी असाल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: पुराच्या तयारीबद्दल लोकांच्या सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा विषय इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आधी हे जमवून ठेवा

- सूचना कुणी, कशाबद्दल मागवल्या आहेत त्या मूळ जाहीर सूचनेची प्रत, शेवटच्या तारखेसह
- प्रभागाचा नकाशा, कागदावर छापलेला, ज्यावर पेनने वस्त्या दाखवता येतील
- एक वेगळं सिमकार्ड आणि फोन. कुणाचाही खाजगी नंबर या कामाला देऊ नका
- गूगल फॉर्म किंवा कोबोकलेक्ट (मोबाइलवर माहिती गोळा करायचं ॲप). दोन्ही फुकट वापरता येतात, आणि कोबोकलेक्टमध्ये रेंज नसतानाही माहिती भरून नंतर पाठवता येते
- मोठ्या अक्षरातले छापील फॉर्म, पेनं, अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड
- संमतीचा चार-पाच ओळींचा मजकूर, मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये
- तुमच्या गटाचं सहीशिक्क्याचं पत्र, ज्यावर कामाचा उद्देश लिहिलेला आहे
- मदतनिसांच्या मानधनासाठी आणि रिचार्जसाठी पैसे
- उत्तरं कुठून आली याची नोंदवही

१. निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा

हे आधी केलं नाही तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या टेबलावर जाऊन पडते. पुराचंच बघा. स्थलांतर केंद्रातली स्वच्छतागृहं, पाणी, वीज ही शहरात महापालिकेची जबाबदारी. जिल्हाभरची आखणी करतं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. २००५ च्या कायद्याप्रमाणे त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. राधानगरी धरणातून किती पाणी सुटतंय आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती आहे ही माहिती जलसंपदा विभागाकडून येते. 'पुराबद्दल सूचना' असा एकच गठ्ठा केला तर या तिघांपैकी प्रत्येक जण तो दुसऱ्याकडे ढकलू शकतो.

शहरात महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमची वस्ती कोणत्या कार्यालयाखाली येते ते विचारून घ्या. उचगाव, पाचगाव, कळंबा शहराला चिकटून असले तरी तिथे दाद मागायची ती ग्रामपंचायतीकडे. हद्दीवरच्या कॉलन्यांमध्ये हा गोंधळ हमखास होतो.

मुदतीतून शेवटचा एक आठवडा वजा करा. तो छाननीला आणि सादर करायला लागतो. उरलेले दिवस तुमचे.

२. कोण येणार नाही, याची यादी करा

कोण येईल याची यादी सगळेच करतात. तुम्ही उलटी करा. नकाशा पसरा आणि एकेका वस्तीवर बोट ठेवून विचारा: इथून गेल्या वेळी किती उत्तरं आली होती? आली नसतील तर का?

कोल्हापुरात आमच्या यादीत नेहमी येणारी मंडळी सांगतो. तुमच्या विषयाप्रमाणे ती कमीजास्त होतील.

घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया. घरात फोन असतो, पण तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांमध्ये हा आकडा ५७ टक्के होता. आकडा आता वाढला असेल, पण अंतर वस्तीत गेलं की डोळ्यांना दिसतं.

वडार, कैकाडी, माकडवाले, डोंबारी, घिसाडी, पारधी अशा भटक्या-विमुक्त समाजांच्या वस्त्या. घरात वेगळी बोली, कामासाठी वर्षातले काही महिने बाहेर, आणि सरकारी कागदाबद्दल जुनी भीती. त्या भीतीबद्दल पुढे लिहिलं आहे.

दिव्यांग. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यामुळे 'दिव्यांगांसाठी सोय केली' हे वाक्य नेहमी अपुरं असतं. अंध व्यक्तीला लागणारी सोय वेगळी, कर्णबधिर व्यक्तीला लागणारी वेगळी आणि बौद्धिक दिव्यांग तरुणाच्या आईला हवी असलेली आणखी वेगळी.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले, बांधकामांवरचे, गुजरी या सराफ बाजारातले परप्रांतीय कामगार. त्यांचं मतदान इथे नसतं म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. पूर आला की पाणी मात्र त्यांच्याही खोलीत शिरतं.

तृतीयपंथी आणि जोगती (देवीला वाहिलेले). भाड्याची खोली मिळण्यापासून स्थलांतर केंद्रात कुठल्या खोलीत झोपायचं इथपर्यंत त्यांचे प्रश्न निराळे आहेत. ते कुठल्याच फॉर्ममध्ये विचारले जात नाहीत.

यादी करताना हंगामही बघा. ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वीटभट्ट्याही पावसाळ्यात बंद असतात. पुराच्या विषयात हे लोक सापडणार नाहीत. मुलांची शाळा, पाणी, रेशन असा विषय असेल तर त्यांना विचारायची वेळ हिवाळ्यात. जूनमध्ये लिंक फिरवून 'त्यांचा प्रतिसाद आला नाही' म्हणणं बरोबर होणार नाही.

३. वस्तीतला माणूस आधी, फॉर्म नंतर

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धी मुदत यात गेली तरी चालेल.

पेठेत काम सुरू करायचं तर तालमीत जायचं, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. तालीम पुरात धावून येते, जेवण पोहोचवते, होड्या काढते. तिला वगळून काम होत नाही. पण तालमीत बैठक ठेवली की बायका येत नाहीत, आल्या तर मागे बसतात आणि बोलत नाहीत. म्हणून दुसरी बैठक बचत गटाची, दुपारची, कुणाच्या तरी ओसरीवर. आशा ताई आणि अंगणवाडी सेविकांना घराघराची माहिती असते, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांच्याकडून ओळख करून घ्या, फॉर्म भरायचं काम त्यांच्या गळ्यात घालू नका.

प्रत्येक वस्तीतून एक किंवा दोन मदतनीस घ्या. त्यात निदान एक स्त्री हवी. त्यांना मानधन द्या. वस्तीतल्या मुलीने चार संध्याकाळी दारोदार फिरून काम केलं आणि तिला 'अनुभव मिळाला' म्हणून प्रमाणपत्र दिलं, असं मी अनेकदा पाहिलं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. तिचा बुडालेला रोज कुणीतरी भरून द्यायला हवा.

मदतनिसांना प्रश्न आधी दाखवा आणि बदलू द्या. पुराच्या फॉर्मवर तुम्ही विचाराल, 'स्थलांतर केंद्राचे अंतर योग्य आहे का?' वस्तीतली बाई म्हणेल, अंतराचं काय घेऊन बसलाय, तिथे अंघोळीला आडोसा होता का ते विचारा. तिचा प्रश्न फॉर्ममध्ये वर घ्या.

आता भीतीबद्दल. झोपडपट्टीत कुणी कागद घेऊन फिरू लागलं की पहिली अफवा असते, 'अतिक्रमण काढायला सर्वे आलाय'. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत हे आणखी खोल जातं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना पोलिसांसमोर हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली होती. आज नाव लिहून घेणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या आजोबांच्या मागे हा सगळा इतिहास आहे. त्यांना 'घाबरू नका' म्हणून भागत नाही. पत्र दाखवा, वाचून दाखवा, नाव न देताही उत्तर देता येईल असं सांगा, आणि पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढूच नका.

सापळा: वस्तीच्या 'नेत्या'ने एकट्याने सगळ्यांची उत्तरं भरून देणं. तो चांगल्या मनानेच करतो. नम्रपणे नको म्हणा.

दुसरा सापळा आशेचा. 'हे भरलं की घर मिळेल का, मदत मिळेल का' असं विचारलं जातं. 'नाही, यातून फक्त तुमचं म्हणणं लेखी जाईल' हे स्पष्ट सांगा. त्या ठिकाणी गप्प राहिलात तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

४. फॉर्म तयार करताना

इथे तांत्रिक बारकावे बरेच आहेत आणि ते कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गूगल फॉर्ममध्ये 'एका व्यक्तीचा एकच प्रतिसाद' ही सोय चालू केली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. फोटो किंवा फाइल जोडायला सांगितली तरी तेच. एका घरात एक फोन आणि त्यावर एकच खातं, म्हणजे सासू, सून, मुलगी यांच्यापैकी एकीचंच मत नोंदलं जाणार. ही सोय बंद ठेवा, ईमेलही मागू नका. दुबार नोंदी नंतर हाताने तपासता येतात. न आलेली नोंद परत आणता येत नाही.

प्रश्न सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. भाषा बोलण्यातली. 'आपल्या प्रभागातील आपत्ती पूर्वतयारी व प्रतिसाद यंत्रणेबाबत आपण कितपत समाधानी आहात?' या प्रश्नाला कुणीही 'बऱ्यापैकी' असं उत्तर देऊन मोकळं होईल, आणि त्यातून कुणालाच काही कळणार नाही. त्याऐवजी एकेक विचारा:

- गेल्या पुरात घर सोडायला पहिल्यांदा कुणी सांगितलं?
- पाणी दारात यायच्या किती वेळ आधी?
- कुठे राहायला गेलात?
- तिथे सगळ्यात जास्त अडचण कशाची झाली?
- काय न्यायचं राहून गेलं?

'इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट' हे आकडे राजाराम बंधाऱ्यावरचे आहेत. बातम्यांत ते येतात, पण नदीकाठच्या घरात हिशेब वेगळा असतो: अमुक देवळाच्या पायरीला पाणी लागलं की आपण निघायचं. ही खूण विचारा आणि जशी सांगितली तशीच लिहा. पालिकेला आणि जिल्हा प्रशासनाला तुमच्या फॉर्ममधून मिळणारी सगळ्यात उपयोगी माहिती बहुतेक हीच असेल.

मोकळ्या उत्तराच्या रकान्याखाली लिहा: 'कीबोर्डवरचा माइक दाबून बोललात तरी चालेल.' मराठी बोलून टाइप करण्याची सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, पण सांगितल्याशिवाय ती वापरली जात नाही. चंदगड, गडहिंग्लजकडची बोली किंवा दख्खनी उच्चार यंत्राला नीट कळेलच असं नाही. तिथे मदतनिसाने ऐकून लिहावं.

लिंग विचारत असाल तर स्त्री, पुरुष, तृतीयपंथी आणि 'सांगायचं नाही' हे चार पर्याय द्या. 'इतर' असं लिहून कुणालाही शेवटच्या ओळीत टाकू नका. जात विचारायची खरंच गरज आहे का हे गटात बोलून ठरवा. विचारलीत तर कशासाठी ते लिहा आणि उत्तर ऐच्छिक ठेवा. पत्त्यात घर क्रमांक नको, वस्तीचं किंवा गल्लीचं नाव पुरे. बऱ्याच घरांना क्रमांकच नसतो आणि तो रकाना सक्तीचा असला की फॉर्म तिथेच अडतो.

अंध वाचकासाठी तीन गोष्टी पाळा. मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पडद्यावर मराठी दिसतं, पण आतली अक्षरं रोमन असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक काहीतरी वाचतो. दुसरं, सूचनेचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ एकटी पाठवू नका. तोच मजकूर खाली टाइप करून द्या. पुराच्या दिवसांत पाणीपातळीचे तक्ते चित्र म्हणून फिरतात, आणि ज्याला ते दिसत नाही त्याला काहीच कळत नाही. तिसरं, फिकट राखाडी अक्षरं टाळा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ : १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) असावा असं वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, वृद्धांनाही त्याचा फायदा होतो.

फॉर्म पाठवण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) चालू करा, डोळे मिटा आणि पूर्ण फॉर्म भरून बघा. मग एखाद्या अंध मित्राला किंवा मैत्रिणीला भरायला द्या. आपली चाचणी पुरेशी नसते. रोज टॉकबॅक वापरणाऱ्याला अडचणी लगेच कळतात.

५. फॉर्मशिवाय आणखी वाटा

ज्याला फॉर्म जमत नाही त्याच्यासाठी:

व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप. प्रश्न आपल्यापैकी एकीच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, उत्तरही आवाजात मागवा. आमच्याकडे सगळ्यात जिवंत, तपशिलाने भरलेली उत्तरं याच वाटेने येतात.

मिस्ड कॉल. त्या वेगळ्या नंबरवर मिस्ड कॉल आला की मदतनीस परत फोन करून विचारून घेते. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी.

कागद. छापील फॉर्म रेशन दुकानात, वस्तीतल्या किराणा दुकानात, दवाखान्यात ठेवा. पेटी ठेवा आणि ती दर दोन दिवसांनी उघडा.

कर्णबधिरांसाठी नुसता लेखी मजकूर पुरत नाही. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्यांना मराठी वाचणं दुसऱ्या भाषेसारखं जड जाऊ शकतं. प्रश्नांचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ करा. शहरातल्या कर्णबधिर शाळांचे माजी विद्यार्थी आणि शिक्षक यात मदत करतात. स्थलांतराची सूचना भोंग्यावरून दिली जाते आणि ती त्यांना ऐकू येत नाही, हा मुद्दा त्यांच्याकडूनच यायला हवा.

हिंदी, कन्नड, उर्दू. यंत्राने केलेला अनुवाद तसाच्या तसा छापू नका. ती भाषा घरात बोलणाऱ्या एकाकडून वाचून घ्या.

कुणाचंही उत्तर दुसऱ्याने लिहून घेतलं तर एक नियम कडक पाळा: लिहिलेलं वाचून दाखवायचं, 'हेच म्हणायचं होतं ना?' असं विचारायचं, मग जमा करायचं. 'साहेब, पाणी भरतंय पण कोण ऐकतंय' याचं 'पाणी साचण्याची समस्या' करू नका.

६. संमती आणि माहितीची राखण

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत: माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यायची, आणि दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागते. संमतीचा मजकूर साधा ठेवा: आम्ही कोण, माहिती कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार, नको वाटलं तर कुणाला फोन करायचा.

आधार क्रमांक मागू नका. आधारची झेरॉक्स तर कधीच घेऊ नका. लोक सवयीने पुढे करतात, परत द्या.

व्हॉट्सॲपचा मोठा ग्रुप काढून सगळ्यांना त्यात टाकण्याचा मोह आवरा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि तरुण मुलींना त्याच रात्री अनोळखी निरोप यायला लागतात. ब्रॉडकास्ट यादी वापरा, म्हणजे निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. तिच्यात एक अट आहे: ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून भेटीतच नंबर साठवून द्या.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका. स्थलांतर केंद्रातल्या रांगेतला स्वतःचा फोटो सगळीकडे फिरावा असं कुणालाही वाटत नाही.

७. वेळ आणि जागा

सगळ्यांना रविवारीच सुट्टी असते असं धरून चालू नका. त्या त्या भागात विचारा. ऑनलाइन बैठक घ्यायची असेल तर ४० मिनिटांच्या आत संपवा आणि वस्तीत एका फोनवर किंवा टीव्हीवर पाच-सहा जणांना एकत्र बसून सामील होऊ द्या. डेटाचे पैसे तुमच्या गटाने द्यावेत. व्यासपीठावर चढायला पायऱ्या असतील तर बैठक त्या सभागृहात नको.

८. अर्ध्या वाटेवर मोजा

मुदतीच्या मध्यावर एक दिवस सगळी कामं थांबवा आणि नोंदवही उघडा. कुठल्या वस्तीतून किती, स्त्रिया किती, दिव्यांग किती, कुठल्या भाषेत किती, आणि फॉर्म, आवाज, फोन, कागद यांपैकी कशातून. पायरी दोनमधल्या यादीशी ताडून बघा. बहुतेक वेळा ताराबाई पार्क, राजारामपुरी, नागाळा पार्क इथली उत्तरं भरभरून आलेली असतात. नागाळा पार्कातही पूर येतो, तिथल्या लोकांचं म्हणणंही खरंच आहे. पण आता उरलेले दिवस आणि मदतनीस फक्त रिकाम्या रकान्यांकडे वळवा. नवी लिंक फिरवू नका. ती पुन्हा त्याच लोकांपर्यंत जाते.

शेवटी निष्कर्ष मांडताना सगळी उत्तरं एका आलेखात ओतू नका. शंभरातल्या दोघी जणी म्हणाल्या की स्थलांतर केंद्रातलं स्वच्छतागृह व्हीलचेअरला अरुंद आहे, तर टक्केवारीत ती मागणी तळाला जाते. पण व्हीलचेअर वापरणाऱ्या त्या दोघीच असतील, तर ते त्यांच्यापुरतं शंभर टक्के आहे. अहवालात गटवार वेगळं पान ठेवा आणि प्रत्येक पानावर लोकांच्या शब्दातली चार-पाच वाक्यं नावाशिवाय द्या.

सादर करण्याआधी हा मसुदा मदतनिसांना वाचून दाखवा. त्यांना न पटलेलं वाक्य काढा.

९. सादर करा, आणि आवक क्रमांक घ्या

ऑनलाइन पाठवलंत तरी छापील प्रत संबंधित कार्यालयाच्या आवक-जावक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर पुढे 'मिळालंच नाही' या उत्तरावर काही करता येत नाही. प्रत द्यायला मदतनिसांपैकी दोघी-तिघींना सोबत न्या. त्यांना त्या इमारतीत जायची आणि टेबलापलीकडच्या साहेबांशी बोलायची सवय होणं, हेही या कामाचंच फळ आहे.

पुढे काय झालं ते कळेना, तर माहितीचा अधिकार. अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील. महाराष्ट्रात दोन गोष्टींवर अर्ज अडतात, त्या लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. आणखी एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते. कलम ६(१) प्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलेली मागणी लेखी करून द्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मदतनिसांना हे कलम पाठ करून द्या.

१०. उत्तर वस्तीत परत न्या

बहुतेक मोहिमा इथे गळतात. अहवाल दिला, फोटो छापून आला, गट पुढच्या विषयाकडे गेला. ज्या आजींनी पाण्याच्या खुणेची गोष्ट सांगितली त्यांना मात्र शेवटपर्यंत काही कळत नाही.

सादर केल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक वस्तीत परत जा. एक पानी, मोठ्या अक्षरातला कागद किराणा दुकानाच्या भिंतीवर लावा: तुम्ही काय सांगितलंत, आम्ही कुणाला दिलं, आवक क्रमांक काय, उत्तर काय आलं, कशाचं उत्तर आलेलं नाही. तेच आवाजाच्या निरोपात, सांकेतिक भाषेच्या व्हिडिओत, हिंदी-कन्नडमध्ये. 'ही मागणी मान्य झाली नाही' असं उत्तर आलं असेल तर ते आणि दिलेलं कारण दोन्ही सांगा. लोक नकार पचवतात. काहीच न कळणं मात्र त्यांना सहन होत नाही, आणि त्यांचा तो राग योग्यच आहे.

कायद्याप्रमाणे आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे ज्यांची माहिती पुसायची ती पुसा. ज्यांनी पुन्हा संपर्काला हो म्हटलं आहे त्यांचीच यादी ठेवा. सिमकार्ड बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा आणि तो फोन कुणाकडे असेल हे लिहून ठेवा. मेच्या अखेरीला, पाऊस लागण्याआधी, त्याच नंबरवरून त्याच लोकांना फोन करा आणि एवढंच विचारा: गेल्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, त्यातलं या वर्षी काय झालेलं दिसतंय?